फटफट्यांची खोली

१

सकाळी आठला भुंगेऱ्यांच्या खोलीचं कुलूप काढायचं काम मावशीचं. एकोणीस वर्षं ती ते करत होती आणि एक दिवस कंटाळली नव्हती. घरी ती कुणाची बायको, कुणाची वहिनी. इथं चाळीस जिवांची मालकीण. "पगार साहेब देतात, हुकूम माझा चालतो," असं ती वॉचमनला ऐकवायची, आणि वॉचमन मान डोलवायचा, कारण नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

खोली चपलेच्या खोक्यासारखी लांबट. दारापासून खिडकीपर्यंत भिंतीला टेकून चार मांडण्या, एकेका मांडणीवर दहा काचेचे डबे. डब्यात तळाला ओली वाळू, कोपऱ्यात कापसाचा बोळा, आणि एकच भुंगेरा. दोन ठेवले तर एकमेकांना घाबरून फवारे उडवत बसतात. शेवटच्या मांडणीला लागून, खिडकीखाली, टेबलखुर्ची. तिथं भुंगेऱ्यांचा अभ्यास करणारी पोरगी बसायची. पोरगी हुशार, पण नाक नाजूक. खोलीतल्या वासानं दिवसभर शिंकायची, म्हणून मावशीनं तिचं नाव शिंकरी ठेवलं होतं, आणि तोंडावरच म्हणायची. पोरगी हसायची. ती सगळ्यालाच हसायची. कँटीनवाल्यानं गार चहा दिला तरी "चालेल" म्हणून प्यायची. मावशीचा तिच्यावर जीव होता तो त्यामुळेच, आणि रागही त्यामुळेच.

भुंगेरे नखाएवढे. डोकं नि पाय नारिंगी, पाठ निळसर काळी. दिसायला गरीब. पण कुणी धरायला गेलं की बूड वळवून, नेम धरून मारायचे. फट्! धुराचा बारीक फवारा, बोटाला उकळत्या पाण्याचा थेंब पडावा तसा चटका, जखमेवरच्या औषधासारखा वास, आणि कातडीवर तपकिरी डाग. आठ दिवस घासलं तरी जात नाही. मावशी त्यांना फटफटे म्हणायची. बेडकानं फटफट्या गिळला तर बेडूक त्याला पोटातून परत ओकतो आणि फटफट्या पाय झाडून चालू लागतो, हे शिंकरीनं सांगितलं तेव्हा मावशीनं टाळी वाजवली होती.

"असंच पाहिजे! गिळायला येतो काय मेला!"

घरी तिनं ते नवऱ्याला सांगितलं. नवरा घरीच कपडे शिवायचा. साखरेसारखा माणूस. लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून कुणाला वाकडा शब्द गेला नव्हता. सुईत दोरा ओवत तो म्हणाला, "मग तुझ्यात नि त्याच्यात फरक काय गं? तू तोंडानं मारतेस, एवढाच."

मावशीला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिनं अख्ख्या ऑफिसला सांगितलं.

२

मंगळवार हा डिवचायचा वार. त्या दिवशी शिंकरी चिमट्यानं एकेकाचा पाय चिमटायची आणि कितीदा उडवतो ते मोजायची. वीस-बावीस वेळा उडवलं की फटफट्या रिकामा. परत भरायला त्याला दिवस लागतात, म्हणून इतर वारी त्यांना त्रास द्यायचा नाही. मावशी एवढ्या अलगद हातानं खाऊ घालायची की तिच्यावर कुणी उडवत नसे.

त्या दिवशी गुरुवार होता. मावशी कोपऱ्यातल्या बेसिनवर काचा धूत होती. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस. शिंकरी कानात गाण्याची बोंडं घालून टेबलाशी लिहीत होती.

फट्.

मावशीनं मान वळवली नाही. एखादा डास शिरला असेल.

फट्. थोडं थांबून, फट्.

आता तिनं नळ बंद केला. आवाज दाराकडच्या मांडणीतून येत होते. वरच्या फळीवरून, डावीकडून उजवीकडे. पहिला डबा, दुसरा, तिसरा. मध्ये सारखं अंतर. कुणी झाकण उचलावं, आत बघावं, झाकण लावून कडी घालावी आणि पुढं सरकावं, तेवढंच.

सकाळची तिची फेरी अशीच असायची.

सहावा उडाला. सातवा उडेना. सातव्या डब्याची कडी गंजलेली होती. रोज सकाळी तिला तिथं दोनदा ओढावं लागायचं, जास्त वेळ जायचा.

जास्त वेळ गेला. मग सातवा उडाला.

मांडणीसमोर कुणी नव्हतं. कड्या जागच्या जागी. दहाव्यानंतर सगळं गप्प.

मावशी चौथी पास होती, पण अक्कल शाळेत मिळत नाही हे तिला शाळेतच कळलं होतं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती दारातून हाकलायची. तिनं विचार केला: ऊन आलं असेल. ऊन खिडकीकडून येतं, दाराकडून नाही. खालून ट्रक गेला असेल. ट्रकला सातव्या डब्याची कडी काय ठाऊक?

"छे," ती मोठ्यानं म्हणाली आणि नळ सोडला.

३

डब्याच्या आतून कडेनं पांढऱ्या कागदाची पट्टी लावलेली असायची. कागद औषधात बुडवून वाळवलेला. फवारा पडेल तिथं तो तपकिरी व्हायचा. मंगळवारचे कागद शिंकरी वहीत चिकटवायची. इतर दिवशी ते कोरे असायला हवेत.

शुक्रवारी शिंकरीनं पहिल्या मांडणीतले दहा कागद टेबलावर पसरले आणि शिंकली.

"मावशी, तुम्ही यांना डिवचलंत का?"

"मी? एकोणीस वर्षांत एकाला दुखवलं नाही, आणि आता म्हातारपणी खोड काढू?"

"अहो, रागवू नका. हे बघा ना." तिनं एक कागद पुढं केला. सगळा कागद तपकिरी झाला होता, मधल्या दोन पांढऱ्या पट्ट्या सोडून. "फवाऱ्याच्या वाटेत काही आलं की त्याच्या मागचा कागद कोरा राहतो. चिमटा धरला की अशाच पट्ट्या उमटतात. म्हणून विचारलं."

मावशीनं कागद हातात घेतला. चिमट्याची पट्टी काडीसारखी असते, टोकाला टोचरी. या जाड होत्या, पेन्सिलीएवढ्या. वरून, झाकणाच्या बाजूनं, खाली उतरलेल्या. टोकं गोल.

"हा तुझा चिमटा नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

दोघींनी दहाही कागद ओळीनं लावले. दहावर त्याच दोन पट्ट्या. पहिल्यावर वरच्या वर थांबलेल्या, चटका बसून मागं घेतल्यासारख्या. पाचव्यावर जरा खाली. दहाव्यावर तळाच्या वाळूपर्यंत.

"एखादी झुरळाची मिशी असेल," शिंकरी म्हणाली, आणि स्वतःच हसली.

मावशी हसली नाही. झुरळ तिच्या खोलीत? तिचा अपमान होता तो.

४

सोमवारी सकाळी मावशीनं पहिल्या डब्याचं झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं.

फटफट्या वाळूत उभा होता. बूड खाली, ओल्या वाळूत रोवलेलं, रोप लावावं तसं. भोवतीची वाळू नीट दाबून बसवलेली. डोकं नव्हतं.

दुसऱ्या डब्यात तसंच. तिसऱ्यात तसंच. दहाच्या दहा. कड्या लागलेल्या होत्या. तिनं त्या स्वतःच्या हातानं काढल्या होत्या.

शिंकरी आली, तिनं पाहिलं, आणि तिचे डोळे चमकले. अभ्यासाची माणसं अशीच. घर जळलं तरी आधी आग किती उंच ते बघतील.

"मावशी, असं करणारा एक उंदीर असतो! वाळवंटात. असल्या भुंगेऱ्याला तो पकडतो आणि त्याचं बूड मातीत खुपसतो. फवारा सगळा मातीत जातो. मग डोक्याकडून आरामात खातो. आईकडून शिकतात, नाहीतर चटके खाऊन खाऊन."

"आणि कडी लावून जातो?"

शिंकरीनं पहिल्या डब्याची कडी लावून, काढून पाहिली.

साहेबांनी सापळे लावायला सांगितले. सापळ्यात काही सापडलं नाही. मंगळवारी अकरा चाळीसला दुसरी मांडणी उडाली, पण ओळ पुरी झाली नाही. सहाच आवाज आले. उरलेल्या चार डब्यांतून नुसतीच वाळू सरकल्याची खसखस ऐकू आली. मावशी धावली. ती पोचेपर्यंत चारही रोवलेले होते. एकाचे पाय अजून हलत होते.

बुधवारी तीनच आवाज आले, आणि दुसरी मांडणी संपली. गुरुवारी तिसरी. आवाज एक.

शिकलं होतं ते.

शुक्रवारी सकाळी फेरी घालताना मावशी दारात उभी राहून खोलीकडे बघत राहिली. दाराकडून खिडकीकडे तीन मांडण्या रिकाम्या. चौथी भरलेली. चौथीच्या पुढं, हातभर अंतरावर, खुर्ची. खुर्चीवर शिंकरी पाठमोरी बसून लिहीत होती, केस वर बांधलेले, मान उघडी.

आयुष्यात कुणाला "नको" न म्हणालेली पोर.

५

"उठ," मावशी म्हणाली. "टेबल स्टोअरमध्ये हलवायचंय."

"का?"

"वायर जळलीय इथली. ठिणग्या पडतात."

"पण साहेबांनी..."

"साहेबांना मी बघते. तू उठतेस का उचलू?"

पोरगी उठली. मावशीनं वॉचमनला हाक मारली आणि टेबल, दिवा, वह्या सगळं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. खुर्ची मात्र राहू दिली. साहेब विचारायला आले तेव्हा तिनं त्यांना असं काही सुनावलं की ते "बरं, बरं" म्हणत परत गेले. खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. खरं बोलली असती तर तिला सुट्टीवर पाठवलं असतं, आणि पोरगी परत त्या खुर्चीत येऊन बसली असती.

मग ती स्वतः खुर्चीत बसली. जवळचं स्टूल पुढं ओढून त्यावर चाळीस नंबरचा डबा ठेवला, झाकण उघडं. त्याच्यापलीकडे वीतभर अंतरावर औषधाचा मोठा कागद दोन विटांच्या आधारानं उभा केला. तिला बघायचं होतं. नुसतं घाबरायला तिला आवडत नसे. कशाला घाबरायचं ते कळायला हवं.

अकरा अडतीस. खोलीत ऊन छान पसरलं होतं. लांब स्टोअरमधून शिंक ऐकू आली, आणि मावशीला बरं वाटलं. तिकडं शिंकतेय म्हणजे तिकडं आहे.

अकरा चाळीस. चौथ्या मांडणीतून आवाज आला नाही. नुसती वाळूची खसखस. एकतिसावा, बत्तिसावा. जवळ, आणखी जवळ. एकोणचाळिसावा.

चाळीस नंबरच्या फटफट्यानं बूड वर केलं.

फट्! फट्! फट्!

धूर उडाला आणि कागद तपकिरी झाला. मावशीच्या डोळ्यांदेखत त्यावर पांढरं काहीतरी राहून गेलं. वरून आलेल्या त्या दोन लांब पट्ट्या. त्यांच्यामध्ये एक गोल, जरासा कललेला, वास घ्यायला वाकल्यासारखा. आणि त्या पांढऱ्या गोलाच्या मधोमध पैशाएवढा तपकिरी ठिपका.

फवारा तिथून आरपार गेला होता. म्हणजे तिथं त्याचं तोंड होतं, उघडं.

मावशीच्या तोंडावर गार वारा आला. ओल्या वाळूचा वास होता त्याला.

तिचे हात हलेनात. पाय हलेनात. पण तोंड? तोंडाला कोण अडवणार? सासूला अडवता आलं नव्हतं.

"मुडद्या!" ती ओरडली. "नासक्या, हलकटा, कुणाच्या घरात शिरलास! माझी लेकरं खाल्लीस, दळभद्र्या! तुझं तोंड जळो, तुझ्या जिभेला फोड येवोत! पोरीकडं बघशील तर डोळे काढीन, असले तर! ये, खा मला! घसा भाजेल तुझा, शिंच्या! तीस वर्षं कुणाला पचले नाही मी!"

आणखी बरंच म्हणाली. ते लिहिण्यासारखं नाही.

वारा थांबला. मग डब्यांच्या कड्या खुळखुळल्या. चाळिसापासून उलट, खिडकीकडून दाराकडे, भराभर. सातव्यापाशी जरा अडखळल्या. मग पहिली कडी वाजली, आणि खोलीत फक्त घड्याळ राहिलं.

चाळीस नंबर जिवंत होता. कापसाच्या बोळ्यावर चढून पाय पुसत होता.

"शाबास रे माझ्या राजा," मावशी म्हणाली आणि तिला एकदम हसू आलं.

६

त्यानंतर तीन आठवडे मावशी रोज अकरा चाळीसला त्या खुर्चीत बसली. वारा यायचा, ती सुरू व्हायची, कड्या उलट वाजत जायच्या. तिला त्याची सवय झाली, खोटं कशाला बोला, जरा मजाही वाटू लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती उद्यासाठी नव्या शिव्या जुळवायची. नवरा विचारायचा, "कुणाला घालतेस गं?" ती म्हणायची, "एक आहे. तुम्ही झोपा."

स्टोअरमध्ये शिंकरीचा अभ्यास पुरा झाला. लांबच्या गावी तिला मोठी नोकरी लागली. चाळीस नंबरला ती बरोबर नेणार होती. निघायच्या आदल्या दिवशी ती पाया पडायला आली आणि म्हणाली, "मावशी, तुमचा घसा पार बसलाय. आवाजच निघत नाही."

"तू नीट जा. आणि कुणी गार चहा दिला तर परत करायला शीक."

"शिकेन."

"आत्ता म्हण. 'नको.'"

"नको," पोरगी म्हणाली आणि शिंकली.

त्याच दिवशी, खुर्चीतून उठताना, मावशीला साडी मागून ओली लागली. तिनं हात लावला. हाताला वाळू.

खुर्चीच्या बैठकीवर बोटभर जाड ओल्या वाळूचा थर होता. सारवल्यासारखा सपाट. आणि मधोमध तिच्या बसण्याचा खड्डा, कडेनं नीट दाबून बसवलेला.

बसताना खुर्ची कोरडी होती. तिनं स्वतः पुसली होती.

मावशीला तो उंदीर आठवला. तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीतून मागच्या आवारात फेकली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली, पाठ भिंतीला लावून. अकरा चाळीस झाले. अकरा पन्नास झाले. काही आलं नाही. संध्याकाळी पोरगी चाळीस नंबरला मांडीवर घेऊन गाडीत बसून गेली, हात हलवत, धडधाकट.

पुढच्या महिन्यात साहेबांनी मांडण्या काढून टाकल्या आणि खोलीत जुने कागद ठेवले. मावशीला पहिल्या मजल्यावर चहाचं काम मिळालं. बसून करायचं, पगार तोच. जिंकली होती ती. एकच खोड राहिली. कुठंही बसायच्या आधी ती तळहातानं जागा चाचपून बघायची. ऑफिसात, बसमध्ये, पाहुण्यांकडे. लोक हसायचे. हसू देत.

७

दोन महिन्यांनी एक रविवार. मावशी घरी होती. रोज या वेळी ती कामावर असायची आणि नवरा घरी एकटाच शिवत बसलेला असायचा. आज दोघं होते. ऊन आत आलं होतं, मशीन घरघरत होतं, नवरा गुणगुणत होता. मावशी पालेभाजी निवडत होती आणि तिला वाटलं, यापेक्षा माणसाला आणखी काय लागतं?

नवरा कात्री आणायला उठला. मशीनपुढचं त्याचं स्टूल रिकामं झालं. मावशी वात सरळ करावी तशी सहज पुढं झाली आणि सवयीनं तिचा तळहात त्यावर पडला.

ओलं लागलं.

तिनं हात उलटा करून पाहिला. वाळू. बारीक, ओली, दाबून बसलेली.

"अगं, ती होय?" नवरा कात्री घेऊन आला. "रोजच असते. मीच झाडतो. तूच आणतेस ना पदराला लावून, तुझ्या त्या ऑफिसातून? म्हटलं, बोललो तर तू चिडशील."

"कधीपासून?"

"झाले की दीड-दोन महिने. आधी चिमूटभर असायची. आता जरा जास्तच आणतेस हं तू." तो हसला. त्याला रागावता येतच नव्हतं. "आणि या वेळेला दारातून छान गार झुळूक येते. मी तिला म्हणतो, ये बाई, बस."

मावशी उठली. तिनं घड्याळाकडे पाहिलं. अकरा एकतीस.

"अहो, उठा तिथून."

"अजून बसलो कुठंय?"

"मग बसू नका. या इकडं, भिंतीला पाठ लावा. अशी. आता माझ्यामागून म्हणा. मुडद्या."

"काय?"

"म्हणा!"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं, लाजला, आणि हळूच म्हणाला, "अहो मुडदे..."

"अहो नाही!" मावशीनं त्याचा दंड धरला. तिचा घसा अजून पुरता सुटला नव्हता. "हसू नका. नासक्या, हलकटा, म्हणा. मोठ्यानं म्हणा. आपल्याकडं नऊ मिनिटं आहेत."